पाहुण्या वादकाला जागा कोण देतो?

रॉक बँडच्या मैफलीत एक क्षण असा येतो, की ज्याच्या आठवणी रसिक पुढे वर्षानुवर्षे काढत राहतात. मुख्य गायक माइकपाशी येऊन एक नाव घेतो, मंचाच्या कडेच्या अंधारातून एखादा परका वादक आपले वाद्य सावरत पुढे येतो, मूळ संचात मिसळून एक-दोन गाणी वाजवतो आणि निघून जातो. सारा प्रकार उत्स्फूर्त वाटतो. तो तसा वाटावा, अशीच योजनाही पुष्कळदा असते. पाहुण्याच्या बोटांकडे सर्वांचे लक्ष असते. मात्र त्या चार-पाच मिनिटांचे यश पाहुणा काय वाजवतो यापेक्षा यजमान काय वाजवायचे टाळतात, यावर अधिक अवलंबून असते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील श्रोत्याला हे समजावून घेण्यासाठी एकदम अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात हेच रोज घडते. कीर्तनकार बाहेरगावचा असतो. सायंकाळी तो गावात पोहोचतो आणि ज्यांच्याबरोबर कधी तालीम केलेली नाही, अशा टाळकऱ्यांच्या पुढे उभा राहतो. शेजारी मृदंगाचार्य, मागे विणेकरी, दोन्ही बाजूंना गावातली जाणती-नेणती मंडळी. तरीही अडत नाही. अभंगांच्या चाली साऱ्यांच्या कानांत बसलेल्या असतात, ताल ठरलेला असतो आणि निरूपणात कोठे थांबले म्हणजे गायनाचार्याने चाल उचलायची, हे कोणी कोणाला सांगत नाही. गायक चाल म्हणू लागला, की कीर्तनकार बोलणे थांबवून नुसता ताल धरतो. येथे पाहुणा पुढे आणि यजमान मागे, असा उलटा मामला आहे एवढेच. भजनाच्या बैठकीत तर पाहुणा गायक आला, की पेटी त्याच्यापुढे सरकवणे हा साधा शिष्टाचार मानला जातो.

रॉक संगीतात हा सामायिक सांगाडा पुष्कळ अंशी ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराने पुरवला. बारा बारचे ब्लूज म्हणजे चार-चार मात्रांचे बारा तुकडे. आपल्या भाषेत अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन म्हणता येईल. त्यात ठराविक ठिकाणी तीन कॉर्ड बदलतात. हा नकाशा डोक्यात असलेल्या गिटारवादकाला दोनच गोष्टी विचाराव्या लागतात : पट्टी कोणती आणि लय केवढी. पुढचे सारे नजरेवर चालते. एकल वादन संपवायचे असेल तर वादक मान हलवतो, गिटारचा दांडा किंचित उचलतो, ड्रमवाला ते टिपतो आणि सगळे एकत्र समेवर येतात.

यजमानपण म्हणजे काय, याचा उत्तम नमुना म्हणून २५ नोव्हेंबर १९७६ ची सॅन फ्रान्सिस्कोमधील मैफल सांगितली जाते. 'द बँड' या नावाच्या संचाने विंटरलँड या सभागृहात आपली निरोपाची मैफल केली. बॉब डिलन, मडी वॉटर्स, नील यंग, जोनी मिशेल, व्हॅन मॉरिसन, एरिक क्लॅप्टन असे एकाहून एक नामवंत पाहुणे त्या रात्री मंचावर आले. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी तिचा केलेला 'द लास्ट वॉल्ट्झ' हा चित्रपट १९७८ मध्ये प्रदर्शित झाला. क्लॅप्टन यांनी वादनाला सुरुवात केली आणि त्यांच्या गिटारचा पट्टाच निसटला. पुढच्याच क्षणी यजमान गिटारवादक रॉबी रॉबर्टसन यांनी सुटलेला धागा उचलून तान पुढे नेली. क्लॅप्टन यांनी पट्टा अडकवला आणि पुन्हा सूत्रे घेतली. संगीतात खंड पडला नाही. इतक्या भिन्न शैलींचे पाहुणे एकाच संचाने सांभाळले, याचे कारण या संचाच्या पूर्वायुष्यात आहे. स्वतःच्या नावावर वाजवू लागण्यापूर्वी ही मंडळी रॉनी हॉकिन्स यांची आणि पुढे डिलन यांची साथ करीत असत. दुसऱ्याच्या गाण्यामागे उभे राहण्याची सवय त्यांच्या अंगी मुरलेली होती.

दुसरे उदाहरण जॅझमधले. २९ मार्च १९९० रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 'ग्रेटफुल डेड' या बँडच्या मैफलीत सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस पहिल्या भागात एका गाण्यात सामील झाले. ते इतके जमले, की दुसऱ्या भागात ते मंचावरच राहिले. या बँडची गाणी मध्येच मोकळी सुटत, कितीही लांबत. त्यामुळे नवख्याला शिरायला फट सापडे. ज्यांच्या गाण्याचा प्रत्येक सेकंद बांधलेला असतो, त्यांच्याकडे असा पाहुणचार शक्य नसतो.

आणि कधीकधी न मिसळणे हाच शहाणपणा ठरतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी जो कार्यक्रम घडवून आणला, त्यात रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती यांचे वादन आधी स्वतंत्रपणे झाले. रॉकचा भाग त्यानंतर. वाद्ये जुळवणे चालू असतानाच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, हा किस्सा सर्वश्रुत आहे. ज्या श्रोत्यांना सूर जुळवणे आणि वादन यांत फरक कळला नाही, त्यांच्यापुढे सतार आणि इलेक्ट्रिक गिटार एकाच गाण्यात कोंबली असती, तर दोघांचेही नुकसान झाले असते.

फडाचे गणित वेगळे

आता नारायणगावकडे वळावे. जुन्नर तालुक्यातील हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड आणि भाऊंच्या कन्या विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्यामुळे गावाचे नाव महाराष्ट्रभर गेले. विठाबाईंच्या नावाने राज्य शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडमालकांच्या राहुट्या लागतात, जत्रा-यात्रांचे पंच येतात आणि सुपाऱ्या ठरतात. राज्यातले इतके वादक एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असावेत, असे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. रॉकच्या न्यायाने पाहता, पाहुण्या वादकांची रेलचेल व्हावी अशीच ही जागा.

परंतु एका फडाचा ढोलकीवाला दुसऱ्या फडाच्या बोर्डावर सहज बसेल, असे होत नाही. त्यामागे सांगीतिक अडचण कमी आणि व्यवहाराची अधिक आहे. हंगामापूर्वी कलावंत मालकाकडून उचल घेतो. ती फिटेपर्यंत त्याचे वादन त्या फडाला बांधलेले असते. असा वादक दुसऱ्याच्या तंबूत दिसला, की आज पाहुणा म्हणून गेलेला उद्या तिकडेच राहील, ही शंका मालकाला येते. रॉकमधला पाहुणा बहुधा स्वतःच्या बँडचा धनी असतो. त्याच्या येण्याने दोघांचेही नाव वाढते. फडातला वादक कितीही गुणी असला, तरी त्याच्या पाहुणेपणाची परवानगी तिसऱ्याच माणसाच्या हाती असते. शिवाय फड हे बहुतेक वेळा कुटुंब असते. बोर्डावर कोणी कोठे बसायचे, हे नात्यांनीही ठरलेले असते.

सांगीतिक अडचणीही आहेतच. ढोलकीचे शाईचे तोंड गायिकेच्या पट्टीत लावावे लागते. एका फडाची गायिका काळी एकमध्ये गाते, दुसरीची पट्टी तिच्याहून वर असते. पाहुण्याने आपली ढोलकी तशीच आणली, तर दोन ढोलक्या एकमेकींशी भांडू लागतात आणि मधल्या मध्ये गाणारी सापडते. म्हणून जाणता पाहुणा आधी पट्टी विचारतो, मग ढोलकीला हात लावतो. हलगीचे तसे नाही. तिला स्वर सांभाळायचा नसतो. तिचे काम लयीचे आणि कडाडण्याचे. पूर्वी चामडे ताणण्यासाठी ती शेकोटीवर शेकून घेत. पुढे कृत्रिम पानांच्या हलग्याही आल्या. कोणत्याही पट्टीत, कोणत्याही संचात शिरायला हलगीवाल्याइतका मोकळा वादक नाही, आणि पालखीपुढे, बैलगाड्यांच्या घाटात वाजवून तयार झालेले हात या दोन्ही तालुक्यांत कमी नाहीत.

तमाशाच्या रचनेतच अशा वादकासाठी एक जागा आहे. गणाच्या आधी ढोलकी आणि हलगीची सलामी झडते. गायन नाही, कथा नाही; फक्त लय चढत जाते, तोडे पडतात, तिहाया होतात आणि लोक तंबूकडे वळतात. येथे दुसरी ढोलकी बसवली, तर वगाला धक्का लागत नाही. लावणीत मात्र तेच करणे धोक्याचे. तेथे ढोलकीवाला नर्तकीच्या पावलाकडे पाहून वाजवतो, सुरत्ये झील ओढतात, आणि महिनोन्‌महिने एकत्र राहून जमलेली ती समजूत पाहुण्याला एका रात्रीत येत नाही. दुसरी मोकळी जागा म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी. तिला तिकीट नसते, पडदा नसतो, वगाचे बंधन नसते. गावातल्या हलगीवाल्याला दोन आवर्तने देऊन पाहावीत, एवढी सैल ती असते.

आणखी एक प्रश्न नाजूक आहे. पाहुणा ढोलकीवाला बसला, तर फडाचा ढोलकीवाला कोठे जातो? त्याने त्याच प्रेक्षकांपुढे बाजूला सरकून बसायचे, तर ते त्याच्या मानाला लागते. रॉकमध्ये यावर तोडगा असा, की मूळ गिटारवादक जागा सोडत नाही. पाहुणा दुसरी गिटार घेऊन शेजारी उभा राहतो आणि एकल वादन वाटून घेतले जाते. ढोलकीच्या जुगलबंदीतही हेच पथ्य पाळले पाहिजे. पहिला आणि शेवटचा तोडा घरच्या वादकाचा असला, तर कोणालाच उणेपणा येत नाही. दोन्ही तोडे पाहुण्याला देऊन टाकण्याची हौस काही आयोजकांना असते. ती औदार्य म्हणून खपते, पण घरच्या वादकावर तो अन्यायच आहे.

मोकळी जागा आक्रसते आहे

या साऱ्या व्यवहारावर नवे संकट वाद्यांच्या आणि यंत्रांच्या बाजूने आले आहे. मोठ्या रॉक आणि पॉप मैफली आता कानातल्या ठोक्यावर चालतात. ड्रमवाल्याच्या कानात यंत्राचा ठोका वाजत असतो आणि प्रकाशयोजना, पडद्यावरची चित्रे, आधीच मुद्रित केलेले काही सूर त्या ठोक्याला बांधलेले असतात. पाहुण्याने रंगात येऊन आठ आवर्तने जास्त घेतली, तर दिवे पुढे निघून जातात. म्हणून त्याला मोजून बारा किंवा सोळा बार दिले जातात आणि तेही तालमीत पक्के केलेले. तमाशाच्या फडांत हिंदी-मराठी चित्रपटगीतांबरोबर की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. ऑक्टोपॅड हाताने वाजवले जाते, तोवर ते लांबवता येते, थांबवता येते. की-बोर्डमधला तयार ठेका लावून दिला, की तो कोणासाठीच थांबत नाही.

चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात ही अडचण जाणवत नाही, कारण तेथे प्रत्येकाला वेगवेगळे मुद्रित करता येते. ज्यांचे बालपण वडिलांच्या महसूल खात्यातील नोकरीमुळे पुणे जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावी गेले, त्या अजय-अतुल यांनी 'नटरंग'मध्ये (२०१०) ढोलकी शहरी श्रोत्यांपर्यंत नेली आणि 'सैराट'साठी (२०१६) हॉलिवूडमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे मुद्रण केले. पण मंचावर दोन जातींचे वादक समोरासमोर बसले, की यंत्र बाजूला ठेवून एकमेकांकडे पाहावेच लागते.

२०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी जत्रांचा हंगाम करोनामुळे बुडाला. तेव्हापासून फडातील वादकापुढे उचलीपलीकडच्या कमाईचा प्रश्न अधिक टोकदारपणे उभा आहे. शहरातला महोत्सव, महाविद्यालयीन बँड, लोकसंगीताचा प्रयोग, अशा ठिकाणी पाहुणा म्हणून वाजवणे ही त्याच्यासाठी कलेची हौस असेलच, पण जोडउत्पन्नाची वाटही ठरू शकते. तेथे दोन गोष्टींत तो हमखास मागे पडतो : नाव आणि मोबदला. फडावर बक्षीस देणाऱ्याचे नाव माइकवरून रकमेसह पुकारले जाते. ढोलकीवाल्याचे नाव विचारावे लागते. जत्रेतील वादनाच्या मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती लाखो लोक पाहतात आणि त्यांखाली गावाचे नाव असते, फडाचे असते, हलगीवाल्याचे नसते.

कायदा याबाबत वादकाच्या बाजूने आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यात कलावंताचा हक्क मान्य असून तो सादरीकरणानंतर पन्नास वर्षे टिकतो. या कायद्याने कलावंतांत गायक-वादकांबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा यांनाही धरले आहे, म्हणजे जत्रेतले बहुतेक सगळेच आले. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाशी आपले नाव जोडले जाण्याचा हक्क स्पष्ट केला आणि त्याचा व्यापारी वापर झाल्यास कलावंताला स्वामित्वधनाची तरतूद केली. हे प्रत्यक्षात उतरवायचे, तर पाहुण्या वादकाला बोलावताना एक साधा कागद पुरतो. त्यावर त्याचे नाव कसे पुकारायचे व छापायचे, मानधन आणि प्रवासखर्च किती, मुद्रण होणार असेल तर ते कोठे वापरले जाणार, आणि हंगाम चालू असेल तर उचल दिलेल्या मालकाची संमती आहे किंवा नाही, एवढ्या चार ओळी असाव्यात आणि खाली आयोजक, वादक व मालक अशा तिघांच्याही सह्या.