थीम पार्क उभा राहतो कशावर? बेडफर्ड ते खोपोली

इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर बेडफर्ड नावाचे शहर आहे. या शहराजवळ अमेरिकेची युनिव्हर्सल कंपनी एक प्रचंड मनोरंजन उद्यान, ज्याला थीम पार्क म्हणतात, ते उभारणार आहे. ९ एप्रिल २०२५ रोजी तशी घोषणा झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने बांधकामाची परवानगीही दिली. जागा ४७६ एकर. पहिल्याच वर्षी ८५ लाख लोक येतील, बांधकामात २० हजार आणि पार्क सुरू झाल्यावर ८ हजार लोकांना काम मिळेल, असा अंदाज आहे. दरवाजे २०३१ मध्ये उघडायचे ठरले आहे.

ही बातमी मी दुकानात वाचून दाखवली तेव्हा कुरखेड्यातला एक तरुण टेलर मास्टर म्हणाला, "चाचा, तिथे ८५ लाख माणसे येतील, आपल्या मंडईत आठ हजार येतात. आपल्याला त्याचे काय?" प्रश्न बरोबर आहे. पण असे पार्क आपल्या महाराष्ट्रातही झाले, काही चालले, काही बुडाले, आणि त्यांच्या फाटकाशी आपल्यासारखे अनेक छोटे लोक माल घेऊन उभे राहिले. म्हणून व्यापाऱ्याच्या नजरेने या धंद्याकडे पाहणे जरूर आहे.

प्रथम जागा. बेडफर्डची जागा पूर्वी विटांच्या भट्ट्यांची होती. स्टुअर्टबीचा कारखाना एके काळी जगातला सर्वांत मोठा वीट कारखाना समजला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर मिळेनात म्हणून इटलीहून माणसे आणावी लागली, आणि त्यांची मुले-नातवंडे आजही बेडफर्डमध्ये आहेत. २००८ साली कारखाना बंद पडला, २०२१ मध्ये उरलेली धुराडीही पाडली. माती काढून काढून खड्डे झालेली, शेतीच्या फारशा कामाची न राहिलेली ही जमीन. रेल्वे जवळ, लंडन जवळ, लूटनचा विमानतळ जवळ. कंपनीने आधी जमीन विकत घेतली, मग सरकारशी रस्ते व स्टेशनाची बोलणी केली, आणि घोषणा सर्वांत शेवटी झाली. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. घोषणा आधी होते, जमिनीचे दलाल दुसऱ्या दिवशी येतात.

इंग्लंडातही सगळेच शहाणे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. लंडनच्या पूर्वेला केंट परगण्यात स्वान्सकोम्ब येथे असाच एक पार्क २०१२ पासून गाजत होता. पॅरामाउंट या चित्रपट कंपनीचे नाव त्याच्याशी कधी जोडले गेले, कधी तुटले. २०२१ मध्ये तिथल्या जमिनीला निसर्गरक्षणाचा दर्जा मिळाला. तिथे सापडणारा एक दुर्मिळ कोळी, हो, जाळे विणणाऱ्यांच्या जातीचाच कोळी, या वादात फार प्रसिद्ध झाला. मार्च २०२२ मध्ये परवानगीचा अर्ज मागे घेतला गेला. या दहा वर्षांत त्या जागेवरच्या लहान कारखान्यांना व वर्कशॉपवाल्यांना आपण इथे राहणार की उठणार हेच कळत नव्हते. उद्या जागा जाणार असेल तर आज नवे मशीन कोण घेईल? पार्क झाला नाही तरी नुकसान होतेच, आणि ते वर्तमानपत्रात छापून येत नाही.

आता आपल्या घरचे पाहू. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. झी टीव्ही काढणारे सुभाष चंद्र यांनी ते टीव्हीच्या आधी काढले होते. बोटीने खाडी ओलांडून जायचे, ही त्याची गंमतही होती आणि अडचणही. तीस वर्षांहून अधिक काळ चालून २०२२ मध्ये ते बंद झाले. त्यानंतरचा मोठा डाव खोपोलीजवळ टाकला गेला. मनमोहन शेट्टी यांनी एप्रिल २०१३ मध्ये इमॅजिका उघडले. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे शेजारी, दोन्ही शहरांचा पैसेवाला वर्ग दीड-दोन तासांवर, झुले थेट परदेशातून आणलेले. माल उत्तम होता, यात शंका नाही. पण तो उधारीवर उभा होता. कर्ज हजार कोटींच्या घरात गेले. अंदाजाइतकी गर्दी झाली नाही. जुलै २०१७ मध्ये अशा पार्कांवर २८ टक्के जीएसटी लागला, जो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आणावा लागला. मग कोरोनाची टाळेबंदी आली. झुला थांबतो, व्याज थांबत नाही. शेवटी २०२२ मध्ये बँकांशी तडजोड होऊन संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे ताबा गेला. हे तेच, ज्यांचा गाय छाप जर्दा आपल्याकडच्या प्रत्येक चंचीत सापडतो. लोणावळा व शिर्डीचे वॉटर पार्क त्यांचे आधीपासून चालू होते, म्हणजे धंदा त्यांना ठाऊक होता.

पॅरिसच्या डिस्नेलँडचीही कथा अशीच. १९९२ साली उघडले, दोन वर्षांत कर्जाने गळ्याशी आले. बँकांना काही काळाच्या व्याजावर पाणी सोडावे लागले आणि १९९४ मध्ये सौदी अरबस्तानचे शहजादे अल-वलीद बिन तलाल यांनी भांडवल घातले. सूद हराम का, याची चर्चा आपण मशिदीत ऐकतो. तिजारतीच्या भाषेत तिचा अर्थ पाहायचा असेल तर या दोन पार्कांच्या वह्या पाहाव्यात.

याउलट केरळचे उदाहरण आहे. व्ही-गार्ड स्टॅबिलायझरवाले कोचौसेफ चिट्टिलापिल्ली यांनी २००० साली कोचीत वीगालँड काढले. पाच वर्षे थांबून २००५ मध्ये बंगळूरला वंडरला, मग २०१६ मध्ये हैदराबाद, २०२४ मध्ये भुवनेश्वर. बरेच झुले ते स्वतःच्या कारखान्यात बनवतात आणि कर्ज कमी ठेवतात. एक दुकान चालल्यावर दुसरे उघडायचे, ही आपल्या वाडवडिलांची रीत. माझ्या मते बेडफर्डचा पार्क होण्याची शक्यता मोठी आहे ती याच कारणाने. जमीन कंपनीची स्वतःची आहे आणि पाठीशी अमेरिका, जपान, सिंगापूर, चीन येथे चालू असलेले पार्क आहेत.

आता टेलर मास्टरचा प्रश्न. अशा पार्कात छोट्या माणसाला काय मिळते? फाटकाच्या आत जवळजवळ काहीच नाही. खाण्याचे, खेळण्यांचे, टोप्या-टीशर्टचे ठेके मोठ्या कंपन्यांकडे जातात. बहुतेक वॉटर पार्कांत सुती कपड्यांनी पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचे पोशाख तिथेच भाड्याने मिळतात. ते भाडेही पार्कवाल्याचेच. फाटकाबाहेर मात्र पुष्कळ आहे. कामगारांचे गणवेश, टॉवेल, चादरी, पडदे, शामियाने, पिशव्या, धुलाई, दुरुस्ती. बेडफर्डजवळच्या लूटन शहरात सुमारे एक तृतीयांश लोक मुसलमान आहेत. तिथले हलाल खाणावळवाले आणि टॅक्सीवाले याच हिशोबाने वाट पाहत असतील.

गणवेशाच्या बाबतीत मी एकदा चटका खाल्ला आहे. एका मोठ्या शहराजवळच्या वॉटर पार्कला, नाव घेत नाही, मी कामगारांच्या गणवेशासाठी ६०० मीटर टेरीकॉट दिले. माल नागपूरच्या गांधीबागेतून तीस दिवसांच्या बोलीवर उचललेला. पैसे मिळाले सातव्या महिन्यात, तेही तीन तुकड्यांत. नफा चार हजार होता. घाऊक व्यापाऱ्याकडे माझी पत गेली, तिची किंमत त्याहून जास्त. शिलाई केलेल्या टेलरचे पैसे मी पदरचे दिले, कारण त्याच्या घरची ईद थांबणार नव्हती.

त्या वेळी मला ठाऊक नव्हती ती गोष्ट इथे लिहून ठेवतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान उत्पादक व कारागिरांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. वेळेत दिले नाहीत तर पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्याच वर्षी तो खर्च हिशोबात धरता येतो, अशी आयकराची तरतूदही २०२३-२४ पासून लागू आहे. उशिरावर व्याज मागण्याचा हक्क आहे. ते घ्यावे की नाही हे ज्याने त्याने आपल्या ईमानाला विचारावे, पण मुद्दल वेळेवर सुटण्यास कायदा उपयोगी पडतो. मात्र हे संरक्षण उत्पादकाला व सेवा देणाऱ्याला आहे, नुसते कापड विकणाऱ्या माझ्यासारख्या व्यापाऱ्याला नाही. म्हणजे गणवेश शिवून देणारा टेलर कायद्याच्या छत्रीखाली आणि कापडवाला पावसात! तेव्हा अशा कामात बिल शिवलेल्या मालाचे, टेलरच्या नावाने व्हावे, आणि कापडवाल्याने टेलरशी आपला हिशोब ठेवावा.

आपल्या झाडीपट्टीचा पार्क वेगळाच आहे. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री वडशाच्या कंपन्यांची नाटके होतात, आकाशपाळणेवाला ट्रक घेऊन येतो, ग्रामपंचायतीची पावती फाडतो आणि दोन दिवसांत पुढच्या गावी निघतो. त्याचे भांडवल चाकावर, जमीन कुणाचीच अडकत नाही. कनाती, पडदे, नाटकवाल्यांचे पोशाख, पाहुण्यांना द्यायची लुगडी, धोतरे, सगळे रोखीत किंवा धानाच्या चुकाऱ्यापर्यंतच्या उधारीवर. त्या उधारीत माणूस ओळखीचा असतो.

टेलर मास्टरने त्याच आठवड्यात आपली उद्यम नोंदणी करून घेतली. आधार व पॅन लागले. ही नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, तरी सेवा देणाऱ्याने त्याच्याकडे पाचशे रुपये मागितले होते. कुणी मागितले तर देऊ नयेत.