साखळीची लांबी कोण ठरवितो?

लखनौहून बरेलीकडे आगगाडीने जाताना हरदोई व शहाजहानपूर या जिल्ह्यांतील उसाची शेते लागतात. उसाच्या मळीपासून मद्यार्क आणि मद्यार्कापासून रबर, असा उद्योग या प्रदेशात एके काळी उभा राहिला. १९६३ साली बरेलीजवळ कृत्रिम रबराचा कारखाना सुरू झाला. मद्यार्कापासून ब्युटाडाइन तयार करून त्याचा स्टायरीनशी संयोग तेथे घडवीत असत. तो कारखाना पुढे बंद पडला. परंतु त्या रबराच्या निर्मितीतील एक प्रश्न आजही रसायनशास्त्रज्ञांपुढे आहे. रेणूंची साखळी वाढू लागली, की ती थांबवावयाची कोठे?

वाढत्या साखळीच्या टोकाशी एक एकाकी इलेक्ट्रॉन असतो. अशा टोकास मुक्त मूलक म्हणतात. समोर येणारा प्रत्येक लहान रेणू, म्हणजे एकवारिक, ते स्वतःस जोडून घेते आणि साखळी पाहता पाहता हजारो कड्यांची होते. साखळ्या फार आखूड राहिल्या, तर रबर दुबळे होते. फार लांबून एकमेकींत गुंतल्या, तर ते इतके ताठर होते, की यंत्राच्या रुळांत मळता येत नाही.

यावर उपाय म्हणजे मिश्रणात अल्प प्रमाणात घातलेले मर्कॅप्टन. त्यातील गंधकाशी सैल बांधलेला हायड्रोजन वाढते टोक हिरावून घेते व स्वतः शांत होते. गंधकावर उरलेला एकाकी इलेक्ट्रॉन नवी साखळी सुरू करतो. यास शृंखला-संक्रमण म्हणतात. ही कल्पना फ्लोरी यांनी १९३७ मध्ये मांडली. खो-खोच्या खेळाडूने खो देऊन खाली बसावे आणि दुसऱ्याने धावू लागावे, तसाच हा प्रकार. धावणाऱ्यांची संख्या बदलत नाही, म्हणून क्रियेचा वेग फारसा मंदावत नाही. साखळ्या मात्र आखूड होतात. परंतु येथे बसलेला खेळाडू सहसा पुन्हा उठत नाही. म्हणून साखळ्यांची सरासरी लांबी आवरता येते, सर्व साखळ्या सारख्या करता येत नाहीत.

ही उणीव १९९८ साली मेलबर्न येथील रिझार्डो, मोड, थँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दूर केली. त्यांनी कार्बन व गंधक यांचा दुहेरी बंध असलेली द्रव्ये योजिली. वाढते टोक या गंधकाशी जडते व निद्रिस्त होते. दुसरे टोक येऊन जडले, की ते पुन्हा जागे होते. बसलेल्यास वारंवार खो मिळत राहतो. सर्व साखळ्या आळीपाळीने, जवळजवळ बरोबरीने वाढतात. दर ५०० एकवारिक रेणूंमागे अशा द्रव्याचा एक रेणू घातला आणि सर्व एकवारिक संपले, तर प्रत्येक साखळी सुमारे ५०० कड्यांची होते. नंतर दुसरे एकवारिक घातल्यास त्याच साखळीला निराळ्या गुणाचा खंड जोडता येतो.

ही द्रव्ये महाग असून बरीचशी रंगीत व दुर्गंधी असतात. गाडीच्या टायरला मर्कॅप्टन पुरेसे आहे. परंतु औषध वाहून नेणाऱ्या सूक्ष्म कणासारख्या कामी साखळ्यांचे मोजमाप सारखे हवे असते. तेथे साखळी मारून भागत नाही, तिला थांबवून पुन्हा चालविता आले पाहिजे.