मावाभक्षक सिरफिड माशा: त्यांचें वर्गीकरण व प्रसार

गेल्या हंगामांत, पौष महिन्याच्या सुमारास, टेंभुर्णीच्या बाजाराच्या दिवशीं एक शेतकरी बंधु कर्डईचें पान रुमालांत बांधून आमच्याकडे आले. पानाच्या पाठीवर काळा मावा दाटला होता, व त्या माव्यांत पेरभरही लांब नसलेली, बिनपायांची एक हिरवट अळी तोंड इकडून तिकडे हालवीत पडली होती. ‘मावा तर होताच, त्यांत आतां ही अळी पडली; दोहोंवर चालेल असें एकच औषध सांगा,’ अशी त्यांची मागणी. आम्हीं त्यांच्या हातीं भिंग दिलें व थोडा वेळ पाहावयास सांगितलें. अळीनें एक मावा तोंडांत धरिला, पानावरून अलगद उचलून अधांतरीं तोलला, त्यांतील रस शोषिला आणि रिकामें कातडें टाकून लागलीच दुसऱ्याकडे तोंड वळविलें. गृहस्थांनीं भिंग खालीं ठेविलें व म्हणाले, ‘मग मागल्या आठवड्यांत बोटानें चिरडल्या त्या ह्याच कीं!’

हा प्रसंग एकट्या त्यांचाच नाहीं, म्हणून ह्या अळीच्या कुळाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. ही अळी सिरफिड माशीची होय. माशी आपण सर्वांनीं पाहिलेली असते. मात्र तिला आपण मधमाशी किंवा लहान गांधीलमाशी समजून चालतों. अंगावर काळे-पिवळे पट्टे, फुलावर बसण्याची हौस, आणि ऊन पडलें कीं एकाच जागीं हवेंत टांगल्यासारखी स्थिर राहून क्षणांत बाजूस निसटण्याची कला, ह्या तिच्या खुणा होत. मधमाशीस पंखांच्या दोन जोड्या असतात; हिला एकच जोडी असते, व मागल्या जोडीच्या ठिकाणीं तोल सांभाळणारे दोन बारीक गोळे असतात. मिशा आंखूड, डोळे डोक्याच्या मानानें फार मोठे. नांगी मुळींच नाहीं. पिवळा पोशाख केवळ पाखरांस भिवविण्यापुरता. पंख भिंगाखालीं धरिल्यास मधोमध, कोणत्याही दुसऱ्या शिरेस न मिळणारी, एक खोटी शीर आडवी गेलेली दिसते. शास्त्रज्ञ ह्या कुळाची माशी प्रथम ह्या शिरेवरूनच ओळखितात.

ह्या कुळास स्वतंत्र स्थान फ्रेंच पंडित लात्रेल यानें १८०२ सालीं दिलें. आजवर जगांतील सुमारें सहा हजार जातींचें वर्णन झालें आहे. आपल्या देशांतील जातींचा पहिला मोठा ग्रंथ १९२३ सालीं ‘ब्रिटिश हिंदुस्थानची प्राणिसृष्टि’ ह्या मालेंत निघाला. त्याचा कर्ता एन्रिको ब्रुनेट्टी हा धंद्यानें संगीतकार होता. वाद्य बाजूस ठेवून माशांचे पंख मोजीत बसणाऱ्या ह्या मनुष्याचे उपकार आपण शेतकऱ्यांनींही मानले पाहिजेत. अलीकडे, २०१४ सालीं, कुमार घोरपडे यांनीं हिंदी उपखंडांतील जातींची नवी यादी प्रसिद्ध केली. तिच्यांतील जातींची संख्या साडेतीनशेंच्या घरांत जाते.

कुळाचीं पूर्वीं तीन उपकुळें मानीत. आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून २०१५ पासून चार मानूं लागले आहेत. ह्या विभागणींत शेतकऱ्यास उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे. माशा फुलावर बसल्या म्हणजे सर्व सारख्याच सालस दिसतात. त्यांचा खरा स्वभाव अळीपणीं कळतो. एरिस्टॅलिनी उपकुळांतील कित्येकांच्या अळ्या घाण पाण्यांत, शेणाच्या खड्ड्यांत, कुजक्या डबक्यांत राहतात व मागें उंदराच्या शेपटीसारखी लांब नळी काढून तिच्या टोंकानें श्वास घेतात. आमच्या गोठ्यामागल्या खड्ड्यांत ह्या पुष्कळ असतात, आणि पुढें त्यांच्या ठिपकेदार डोळ्यांच्या माशा होऊन फुलांवर येतात. ह्याच उपकुळांतील युमेरस प्रजातीच्या अळ्या मात्र कंद पोखरितात. मायक्रोडोंटिनी उपकुळाच्या अळ्या मुंग्यांच्या वारुळांत राहतात. त्या इतक्या चपट्या व मंद असतात कीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एका पंडितानें त्यांस गोगलगायींच्या वर्गांत घालून नांवही दिलें होतें. उरलेलीं दोन उपकुळें, सिरफिनी व नव्यानें वेगळें काढलेलें पिपिझिनी, हीं बहुतांशीं मावा खाणारीं. आमच्या शिवारास मुख्य काम सिरफिनीशीं आहे.

सिरफिनींतही टेंभुर्णीच्या बाजूस जिची ओळख प्रत्येकानें करून घ्यावी अशी माशी म्हणजे इस्किओडॉन स्कुटेलॅरिस. शरीर निमुळतें, चेहरा पिवळा, छातीच्या दोन्ही कडांस पिवळी रेघ, पोटावर पिवळ्या पट्ट्यांच्या जोड्या. नराच्या मागल्या पायाच्या मुळाशीं एक लांब कांटा असतो. ग्रीक भाषेंत इस्किओन म्हणजे कटिभाग व ओडॉन म्हणजे दांत, त्यावरून प्रजातीचें नांव पडलें. जातीचें वर्णन फॅब्रिशियस यानें १८०५ सालीं केलें. प्रजाति मात्र साक यानें १९१३ सालीं उभी केली. मधल्या काळांत हीच माशी निरनिराळ्या प्रजातींत हिंडत होती. जुन्या शेतकी पुस्तकांत तिचें नांव झँथोग्रामा स्कुटेलरी असें आढळतें, तेव्हां ही कोणी निराळी माशी असा ग्रह वाचकांनीं करून घेऊं नये.

ह्या प्रजातीचा प्रसार पाहण्यासारखा आहे. आपली जाति पश्चिम आशियापासून सर्व भारतभर, पुढें चीन-जपानपर्यंत, आणि दक्षिणेस ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक महासागरांतील बेटांपर्यंत पसरली आहे. तिची बहीण इस्किओडॉन इजिप्तिअस ही आफ्रिका खंडांत नांदते व स्पेनच्या दक्षिण भागापर्यंत पोंचते. तिसरी एक जाति मादागास्कर बेटावरून २०१८ सालीं वर्णिली गेली. तीनच जाति, पण अर्धें जग व्यापलें! ह्याचें कारण, आमच्या मतें, अळीच्या अन्नांत आहे. जी अळी एका विशिष्ट मुंगीच्या वारुळावांचून जगत नाहीं तिची माशी त्या मुंगीच्या मुलुखाबाहेर जाऊं शकत नाहीं. इस्किओडॉनच्या अळीस मात्र ज्वारीवरचा मावा, कर्डईवरचा, कपाशीवरचा, चवळीवरचा, सर्व सारखेच गोड. जेथें मावा तेथें तिचें घर. आणि मावा कोठें नाहीं?

इतरांचा उल्लेख थोडक्यांत करितों. पॅरागस ही प्रजाति अगदीं बारीक, घरमाशीहूनही लहान; तिच्यांतील सेराटस जातीच्या पाठीवरील ढालीची मागची कड करवतीसारखी दंतुर असते. स्फेरोफोरिया सडपातळ, व तिच्या नराच्या पोटाच्या टोंकास गोळा. एपिसिरफस बाल्टिएटस हिच्या पोटावर जाड व बारीक असे दुहेरी काळे पट्टे असतात. ही युरोपापासून जपानपर्यंत आढळते व तिकडे ऋतु पालटतांना थव्यांनीं लांबचा प्रवास करिते. युपिओडिस कॉन्फ्रेटर ही अंगानें भरदार.

ह्या शेवटच्या माशीचें नांव ऊस-बागायतदारांनीं विशेष लक्षांत ठेवावें. २००२ सालीं सांगलीकडे पांढरा लोकरी मावा उसावर प्रथम दिसला व पाहतां पाहतां कृष्णा, नीरा व भीमा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत पसरला. पानें खालून कापूस पिंजून ठेवल्यासारखीं पांढरीं, वरून चिकट व पुढें काजळीनें काळीं पडलेलीं, हें दृश्य ज्यांनीं पाहिलें ते तें विसरले नसतील. उंच व दाट उसांत फवारा मारावयाचा तरी कसा? फवारणारा आंत शिरूं शकत नाहीं, शिरला तर विष त्याच्याच तोंडावर येतें. अशा वेळीं पिकाच्या साह्यास डायफा पतंगाची अळी, मायक्रोमस, व आसामांतून आणून सोडलेली एनकार्सिया ही सूक्ष्म गांधीलमाशी आली, हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्याच पांढऱ्या थरांत लोळून मावा फस्त करणाऱ्या युपिओडिसच्या अळ्यांचें नांव फारसें कोणी घेतलें नाहीं. त्यांस कोणी प्रयोगशाळेंत वाढविलें नाहीं, डब्यांत भरून वांटलें नाहीं. त्या आपण होऊन आल्या.

आपण होऊन येणाऱ्या पाहुण्यास निदान कांहीं खावयास मिळालें पाहिजे, आणि येथें आमच्या गांवची गोष्ट निघते. अळी मांसाहारी असली तरी माशी फुलांतील मध व पराग यांवर जगते. पराग पोटांत गेल्याखेरीज मादीचीं अंडीं पिकत नाहींत. तिचें तोंड आंखूड, म्हणून खोल नळीचें फूल तिच्या उपयोगाचें नसतें. कोथिंबीर, बडीशेप, शेपू, मोहरी, बियाण्यासाठीं राखलेल्या कांद्याचे गोंडे, अशीं उघड्या तोंडाचीं फुलें तिला लागतात. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें होण्यापूर्वीं माढें तालुक्याच्या ह्या भागांत रबीची ज्वारी हें मुख्य पीक, तींत कर्डईचे पाटे, कडेनें जनावरें शिरूं नयेत म्हणून पुन्हां कर्डईच, आणि मधून जवस, हरभरा व करडाच्या काकऱ्यांत चार दाणे मोहरीचे. कार्तिकापासून माघापर्यंत शिवारांत कोठें ना कोठें फूल असे. पाणी आलें, ऊस आला, केळी व डाळिंबें आलीं. घरांत पैका आला, त्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु कोसभर ऊसच ऊस असलेल्या पट्ट्यांत माशीस बसावयास फूल उरलें नाहीं. बांध नांगरून अरुंद केले, उरल्यावर तणनाशक मारिलें. मग मावा येतो पण माशी येत नाहीं, व आपण म्हणतों कीं हल्लीं कीड आवरत नाहीं.

कर्डईच्या व ज्वारीच्या शेतांत काय करावें, हें विचारणाऱ्यांस आमचें सांगणें असें. थंड व ढगाळ हवा पडली कीं मावा वाढतो. ज्वारीवर पानें चकाकूं लागतात, त्यालाच आपण चिकटा म्हणतों. अशा वेळीं पंप काढण्यापूर्वीं सकाळीं शेतांत निरनिराळ्या ठिकाणीं पानें उलटून पाहावीं. माव्याजवळ तांदळाच्या कणीहूनही बारीक, पांढरें, लांबट अंडें एकेक सुटें घातलेलें दिसेल. अळी पुढें निमुळती, मागें बोथट, हिरवट अथवा मळकट पांढरी. तिला पाय नाहींत, ह्यावरून ती पान खाणाऱ्या अळीहून निराळी ओळखावी. उबदार हवेंत आठदहा दिवसांत ती पुरी वाढते, व तेवढ्यांत तिच्या पोटांत शेंकडों मावे जातात. पुष्कळ पानांवर अंडीं व अळ्या दिसत असतील तर फवारणी चारपांच दिवस पुढें ढकलून पुन्हां पाहावें. आंतरप्रवाही विषानें मावा मरतो हें खरें, पण अळीही मरते. आणि जो थोडा मावा वांचतो तो नर-मादीच्या भानगडीवांचून पिलें घालीत असल्यामुळें थोडक्या दिवसांत पूर्ववत् होतो. माशीस पुन्हां अंडें, अळी, कोश हा सर्व फेरा करावा लागतो. ह्या शर्यतींत ती मागें पडते. मावा सर्व झाडांवर चढला असून अळी कोठेंच नसेल, तर मात्र वाट पाहत बसूं नये. आम्ही फवाऱ्याचे शत्रु नाहीं. तेव्हांही अर्ध्या शेतावर, जेथें मावा दाट आहे तेथेंच, फवारा मारल्यास दुसऱ्या अर्ध्यांत माशीचें बीज राहतें.

माशीसही शत्रु आहेत. डिप्लाझॉन लीटाटोरिअस नांवाची एक काळी-तांबडी बारीक गांधीलमाशी, जी जवळजवळ सर्व जगांत आढळते, ती सिरफिडच्या अळीच्या पोटांत आपलें अंडें घालते. अळी कोश करीपर्यंत जगते, पण कोशांतून माशी न निघतां गांधीलमाशी निघते. म्हणून पानाच्या पाठीस पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे तपकिरी कोश चिकटलेले दिसले तर ते मोजतांना भोंक कसें आहे तें पाहावें. जाड टोंकाची टोपी नीट उघडलेली असेल तर त्यांतून माशी निघाली. टोपी शाबूत असून बाजूस वेडेंवाकडें भोंक असेल तर गांधीलमाशी निघाली. रुमालांत पान बांधून आणणाऱ्या त्या गृहस्थांनीं माघांत आमच्याकडे दुसरें पान आणिलें. त्यावर पांच कोश होते, चार टोपी उघडलेले व एक बाजूनें फुटलेला.