पिकअपचे ब्रेक पॅड बदलताना शिम आणि ग्रीस

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील कांदा, भाजीपाला व गूळ पिकअप गाडीतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. काही माल बोरघाट उतरून वाशीलाही जातो. गाडी घरची असली की किरकोळ दुरुस्तीही घरीच केली जाते. ब्रेक पॅड बदलणे हे त्यांपैकीच एक काम. हा विषय पीक लागवडीचा नाही हे खरे. परंतु भरल्या गाडीचा ब्रेक घाटात लागला नाही, तर मालाबरोबर माणूसही जातो.

बहुतेक पिकअपना पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक असतात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचे पॅड करतात. ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. या घर्षणात पॅड थरथरतो आणि कर्कश आवाज येतो. पॅडच्या पाठीवर बसणारी पातळ पत्री, म्हणजेच शिम, ही थरथर शोषून घेते. जुनी पत्री वाकलेली, गंजलेली किंवा रबराचा थर सुटलेली असल्यास नवीन घ्यावी. नव्या पॅडला शिम चिकटवूनच आली असेल, तर तिच्यावर जुनी पत्री चढवू नये. जाडी वाढून पॅड अडकतो.

खरी अडचण ग्रीसची आहे. ट्रॅक्टरमुळे ग्रीसगन आपल्या हाताशी असते आणि निपलमधून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरायची सवय असते. ब्रेकमध्ये नेमके याच्या उलट करावे लागते. घाट उतरताना डिस्कचे तापमान तीनशे अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. साधे कॅल्शियम ग्रीस शंभर अंशांच्या आसपास वितळते, लिथियम ग्रीस १८० ते १९० अंशांना. वितळलेले ग्रीस पॅडच्या घासणाऱ्या बाजूवर उतरले की ब्रेक घसरतो. असा पॅड पुसून पुन्हा वापरू नये, बदलावाच.

म्हणून ब्रेकसाठीचे जास्त उष्णता सोसणारे ग्रीसच आणावे. पॅडचे कान कंसात जिथे सरकतात तिथे, आणि सुट्या शिमच्या पाठीवर पिस्टन टेकतो त्या जागी, बोटाने पुसल्यासारखा पातळ थर पुरतो. त्याआधी तारेच्या ब्रशने गंज काढावा. धूळ मात्र हवेच्या प्रेशरने उडवू नये, ती फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसावी.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. भीमा व घोड नदीकाठच्या काळ्या जमिनीतला चिखल पावसाळ्यात तिथपर्यंत पोचतो. पिनेचे रबरी बूट फाटले असेल, तर पाणी शिरून पिन जाम होते. मग एकच पॅड झिजतो आणि गाडी एका बाजूला ओढते. जुने पॅड काढल्यावर दोन्हींची जाडी शेजारी ठेवून पाहावी. फार फरक असेल तर दोष पॅडचा नसून पिनेचा समजावा. पिनेला रबराला न फुगवणारे सिलिकॉन ग्रीस लावावे. खनिज तेलाचे ग्रीस तिथे चालत नाही.

आवाज येतो म्हणून ग्रीस लावायचे, ही समजूतही सोडावी. अनेक पॅडना लोखंडी जिभली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून ओरडते. तो इशारा असतो. त्यावर नवीन पॅड हाच उपाय. दोन्ही चाकांचे पॅड एकाच वेळी बदलावेत.

पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेवावे. ऑइल उतू गेल्यास रंग जातो. गाडी केवळ जॅकवर ठेवून काम करू नये, खाली घोडी लावावी. चाक बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे, नाहीतर पहिला ब्रेक रिकामा जातो. पहिली फेरी रिकाम्या गाडीची, सपाट रस्त्यावर करावी आणि आठ-दहा वेळा हळूहळू वेग कमी करून पॅड डिस्कवर बसू द्यावेत. त्यानंतरच माल भरावा.