टूकनच्या पिसांचा राजवेश

सम्राटाच्या खांद्यावर काय असावं? युरोपात बहुधा अर्मिन या प्राण्याची पांढरीशुभ्र फर दिसते. ब्राझीलचा सम्राट पेद्रो दुसरा मात्र टूकन पक्ष्याच्या गळ्याच्या केशरी-पिवळ्या पिसांची खांदेझूल घालायचा!

पेद्रो आमेरिको या ब्राझिलियन चित्रकाराने 1872 साली रंगवलेलं त्याचं तैलचित्र पाहाच. प्रसंग संसदेच्या उद्घाटनाचा. अंगात पांढरा पोशाख, त्यावर सोन्याच्या जरीकामाचा हिरवा मखमली झगा, हातात उंच राजदंड. डोक्यावरचा मुकुट 1841 च्या राज्याभिषेकासाठी घडवलेला. त्यात 639 हिरे आणि 77 मोती आहेत. हिरवा रंग सम्राटाच्या ब्रागांसा घराण्याचा आणि पिसांचं काम ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या कलेतून आलेलं. युरोपची राजेशाही आणि अमेरिकेची भूमी एकाच अंगावर!

एरवी हा ग्रंथप्रेमी सम्राट साध्या काळ्या कोटात वावरायचा. हा थाट संसदेच्या अधिवेशनाच्या सुरुवातीला आणि समारोपाला. 1889 मध्ये साम्राज्यच संपलं.

चित्र आज रिओजवळच्या पेत्रोपोलिसमध्ये, सम्राटाच्या उन्हाळी राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. खरा मुकुटही तिथेच आहे. गेलात तर दोन्ही नक्की बघा आणि चित्रकाराने सोनं, मखमल, पिसं कशी वेगवेगळी रंगवली आहेत ते जवळून न्याहाळा.

#चित्रकला #इतिहास #ब्राझील