विंडोजवर पर्ल अडते तेव्हा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल विणले जातात. चादरीवरची नक्षी उतरते ती जकार्डमुळे. पुठ्ठ्याच्या पट्टीवर छिद्र असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. आता हे काम बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते, पण तत्त्व तेच. एखादा पुठ्ठा मागेपुढे लागला तर माग थांबत नाही. निमूटपणे चुकीची नक्षी विणत राहतो. संगणकाच्या आज्ञावलीचेही तसेच आहे. ती अडली तर एक वेळ परवडते, न अडता चुकली तर मात्र पंचाईत.

समजा, अशाच एका कारखान्यात प्रत्येक पाळीला माग क्रमांक आणि विणलेले नग एका फाईलमध्ये लिहिले जातात. विणकराची मजुरी नगावर. महिन्याची बेरीज करायला पर्ल या भाषेत वीसेक ओळींची आज्ञावली लिहिली आहे. अशा कामाला पर्ल फार सोयीची. लॅरी वॉल यांनी १९८७ साली ती प्रसिद्ध केली; त्यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे, आणि मजकूर चाळणे, निवडणे, जुळवणे हे तिचे मुख्य बळ. मात्र ती वाढली युनिक्सच्या घरात. विंडोजच्या घरच्या रीती डॉस आणि त्याआधीच्या सीपी/एम या प्रणालींकडून आल्या. रोजच्या बहुतेक अडचणी या दोन घरांच्या रीतींमधल्या फरकातून निघतात, हे एकदा ध्यानात आले की शोध सोपा होतो.

पहिली तक्रार हमखास असते, की फाईलवर दोनदा क्लिक केले, काळी खिडकी चमकली आणि नाहीशी झाली. यात बिघाड काहीच नाही. काम संपले म्हणून खिडकी मिटली. चुकीचा संदेश आला असेल तर तोही तिच्याबरोबर गेला. आधी कमांड प्रॉम्प्ट उघडावा, फाईल असलेल्या फोल्डरात जावे आणि तिथून पर्ल चालवावे, म्हणजे संदेश पडद्यावर राहतो. तो वाचावा, आणि सर्वांत वरचा आधी. खालचे पुष्कळदा त्याचीच पिलावळ असते.

दुसरी अडचण फाईलच्या पत्त्याची. डॉसमध्ये १९८३ साली फोल्डर आले तेव्हा सरळ तिरकी रेघ आधीच दुसऱ्या कामाला लागलेली होती, म्हणून पत्त्यासाठी उलटी तिरकी रेघ घेतली गेली. पर्लमध्ये मात्र दुहेरी अवतरणचिन्हांत या उलट्या रेघेला वेगळा अर्थ आहे. तिच्यापुढे इंग्रजी लहान लिपीतला टी आला तर टॅबची मोकळी जागा, एन आला तर नवी ओळ, आणि ए आला तर चक्क घंटा! म्हणजे ‘अक्कलकोट’ फोल्डरातला ‘टॉवेल’ फोल्डर असा पत्ता लहान लिपीत लिहिला, की पहिल्या नावाचा ए घंटा होतो, दुसऱ्याचा टी टॅब होतो, आणि फाईल सापडत नाही. पत्त्यात सरळ तिरकी रेघ वापरावी. पर्लमधून फाईल उघडताना विंडोजला ती चालते. शिवाय फाईल न उघडल्यास तिचे नाव चौकटी कंसात छापण्याची सोय ठेवावी. मोडके नाव डोळ्यांनाच दिसते.

युनिक्सच्या पुस्तकातून उतरवलेल्या आज्ञाही इथे फसतात. एकेरी अवतरणचिन्हे विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट अवतरण म्हणून मानत नाही. ‘सगळ्या फाईली’ अशा अर्थाच्या तारकाचिन्हाचा विस्तारही तो करून देत नाही. ते पर्लच्या ग्लॉब या फलनाकडून करून घ्यावे लागते.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. वरच्या फाईलची पहिलीच नोंद १०१ क्रमांकाच्या मागाची आहे, १४ नग. पुढच्या पाळीत त्याच मागाचे १२. बेरीज २६ यायला हवी, पण अहवालात १०१ समोर १२ च येतात. संदेश नाही, इशारा नाही. आम्ही म्हणू, की अशा वेळी आज्ञावलीचे तर्कशास्त्र तपासत बसू नये; १०१ या शब्दाची लांबी छापून पाहावी. पहिल्या ओळीतल्या १०१ ची लांबी ३ ऐवजी ६ निघते. फाईल यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना जुने नोटपॅड सुरुवातीला २३९, १८७ आणि १९१ ही तीन बाइटे घालत असे. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही काढली तरी ती येतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत, पर्लला दिसतात. त्याच्या लेखी ते दोन वेगळे माग, आणि १४ नगांची मजुरी कोणाच्याच नावावर पडत नाही. पहिली ओळ वाचताच ही तीन बाइटे काढून टाकली, की बेरीज जमते.

ओळीच्या शेवटाचेही असेच. दूरमुद्रकात गाडी डावीकडे नेणे आणि कागद एक ओळ सरकवणे या दोन स्वतंत्र हालचाली होत्या. त्यांचे संकेत १३ आणि १०. विंडोजने दोन्ही ठेवले, युनिक्सने फक्त १०. विंडोजवरचे पर्ल मजकूर वाचताना १३ गाळते आणि लिहिताना घालते, म्हणून एरवी कळत नाही. पण तीच फाईल लिनक्सवर नेली तर ओळीतल्या शेवटच्या शब्दाला १३ चिकटून राहतो आणि जुळणी फसते. उलट विंडोजवर चित्राची फाईल साधा मजकूर समजून लिहिली, तर तिच्यातल्या प्रत्येक १० आधी १३ घुसतो आणि चित्र बिघडते. त्यासाठी फाईल उघडल्यावर बाइनमोड ही आज्ञा द्यायची.

शाळेच्या संगणकावर हे सहज पाहता येते. नोटपॅडमध्ये इंग्रजी अंकांत १०१, १०२, १०३ असे तीन ओळींत लिहावे, प्रत्येकापुढे एंटर दाबावे. एकदा साध्या यूटीएफ-८ मध्ये आणि एकदा ‘बीओएमसह’ असे म्हणणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये साठवावे. गुणधर्मांच्या खिडकीत पहिलीचा आकार १५ बाइट दिसेल, दुसरीचा १८. तीन ओळींतले अंक नऊच. उरलेली बाइटे कुठून आली, हे विद्यार्थ्यांना विचारावे.