अठ्ठावीस रुपयांचा सिनेमा

रायपूरला मराठी सिनेमा थिएटरात लागणं ही काही नेहमीची गोष्ट नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी घरं आहेत. तात्यापारा, बूढापाऱ्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. चौबे कॉलनीत १९३५ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे गणपतीही बसतो आणि नाटकंही होतात. सिनेमा मात्र बाहेरून आणावा लागे. नागपूरला लग्नाला गेलेलं माणूस परतताना संत्रा बर्फीबरोबर दोन-चार व्हीसीडी आणायचंच. पुण्यात शिकणाऱ्या पोरांनाही हीच फर्माईश असे. मग ती व्हीसीडी चार घरं फिरे आणि शेवटी कव्हर एकाकडे, पहिली सीडी दुसऱ्याकडे आणि दुसरी कुणाकडे याचा पत्ता नाही, अशी गत होई.

सिनेमा डिस्कवर जमवण्याची हौस आता पुन्हा मूळ धरते आहे. ओटीटीवर काल दिसलेला चित्रपट आज करार संपला म्हणून गायब होतो, याचा अनुभव आता घरोघरी आहे. कपाटातली डिस्क कुणी परत मागत नाही. पण या हौशी मंडळींच्या जगात एक उतरंड आहे. सर्वांत वर फोर-के, मग ब्लू-रे, मग डीव्हीडी, आणि तळाला व्हीसीडी. व्हीसीडीला तर बरेच जण संग्रहात धरतच नाहीत. आमच्या रायपुरात ही उतरंड उलटी करावी, असं माझं मत आहे.

चित्राच्या दर्जाबद्दल वाद नाही. व्हीसीडीचं मानक १९९३ चं. तिच्या चित्रात ३५२ बाय २८८ ठिपके. डीव्हीडीत याच्या चौपट आणि ब्लू-रेत वीसपट ठिपके मावतात. एका सीडीवर जेमतेम ७४ मिनिटं बसत, म्हणून आपले अडीच तासांचे सिनेमे दोन सीड्यांत येत आणि पहिली संपली की मध्यंतर होई. त्याआधीची व्हीएचएस कॅसेट तीन तासांची असे, अख्खा सिनेमा गिळायची. शिवाय व्हीसीडीवर सिनेमा दोन डिस्कांत बसावा म्हणून गाणी छाटलेली असत आणि कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह ठाण मांडून बसलेलं असे. पुढे एका डीव्हीडीत तीन-तीन सिनेमे कोंबून विकायची पद्धत आली. ती मला त्याहून वाईट वाटते. मोठी डिस्क घेऊनही चित्र पुन्हा भरडच.

तरीही व्हीसीडी जपायची, कारण काही गोष्टी फक्त तिच्यावरच आहेत. छत्तीसगढी सिनेमाकडे पाहा. पहिला छत्तीसगढी चित्रपट, मनु नायक यांचा ‘कहि देबे संदेस’, १९६५ चा. दुसरा ‘घर द्वार’, १९७१ चा. मग जवळपास तीस वर्षं सन्नाटा. ऑक्टोबर २००० मध्ये सतीश जैन यांचा ‘मोर छइंहा भुइंया’ आला, आणि लगेच १ नोव्हेंबरला छत्तीसगढ हे वेगळं राज्य झालं. सिनेमा तुफान चालला आणि त्यापाठोपाठ चित्रपटांची रांग लागली. नेमक्या याच काळात स्वस्त व्हीसीडी प्लेअर गावोगाव पोचले होते. छत्तीसगढी गाण्यांचे अल्बम आणि सिनेमे आठवडी बाजारात, रसवंतीशेजारी, सायकलच्या दुकानात विकले जाऊ लागले. रायपूरची ‘सुंदरानी’सारखी कंपनी त्यातूनच घराघरात पोचली, आज तिचा पसारा यूट्यूबवर आहे. सगळ्यांचं तसं झालं नाही. छोट्या निर्मात्याने शे-दोनशे सीड्या काढल्या, मूळ टेप खराब झाली, माणूस धंदा सोडून गेला. तिथे बाजारातली व्हीसीडी हीच शेवटची प्रत.

मराठी नाटकांचंही तेच. मच्छिंद्र कांबळी २००७ मध्ये गेले. त्यांचा ‘वस्त्रहरण’मधला तात्या सरपंच आमच्या इथल्या पोरांनी पाहिला तो व्हीसीडीवर. नाटकाला निगेटिव्ह नसते. चित्रीकरण झालं तेवढंच उरतं.

मग आली मोझर बेअर. कोऱ्या सीड्या बनवणारी ही कंपनी सिनेमाच्या धंद्यात उतरली आणि २००७ च्या सुमारास तिने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना लावली. एवढ्यात तर भाड्याने आणून परत करण्याचा व्याप कोण करणार! हजारो चित्रपटांचे हक्क घेतले होते, त्यात मराठीही होते. पुढे कंपनीचं दिवाळं वाजलं आणि २०१८ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश निघाला. त्या स्वस्त सीड्या पुन्हा छापल्या जाणार नाहीत.

भाड्याचा विषय निघालाच म्हणून सांगतो. घेतलेली डिस्क तुमची, पण सिनेमा भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याने सिनेमाच्या मालकाकडेच ठेवला आहे. परदेशातून आणलेल्या डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या एका लायब्ररीला २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हेच ऐकवलं. शेजारच्या काकूंना दोन दिवस दिली, तर तो धंदा नव्हे.

त्याच कायद्यातलं ५२अ हे कलम जमवणाऱ्याच्या कामाचं. व्हिडिओवर सेन्सॉर प्रमाणपत्राची नक्कल आणि निर्मात्याचं नाव-पत्ता दाखवणं त्याने बंधनकारक केलं. आपण सुरुवातीला कंटाळून पुढे पळवायचो ती पाटी हीच. तिच्यावरची तारीख आणि लांबी वाचली की आपल्या हातात पूर्ण सिनेमा आहे की कापलेला, याचा अंदाज येतो. कव्हर हरवलेल्या सीडीची जन्मपत्रिकाच ती.

आता सांभाळायचं कसं? लोक सीडीची चमकती बाजू जपतात आणि वरच्या छापील बाजूवर बॉलपेनाने नाव लिहितात. हे उलटं आहे. सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली, वार्निशाच्या पातळ पदराआड असतो. तिथे ओरखडा गेला की ती जागा कायमची गेली. खालचा ओरखडा पुष्कळदा निभावतो, कारण त्यावर जाड प्लास्टिक आहे. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, ती जरा कणखर. रायपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा माळ्यावर किंवा पत्र्याखाली डिस्क ठेवू नका. कपड्यांच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांशेजारी तर नकोच. त्या वासाने सीडीची पारदर्शक डबी खराब होते. व्हीएचएस असेल तर आधी खिडकीतून टेपची कड पाहा. पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, नाहीतर हेडला लागून पुढच्या कॅसेटलाही लागेल. आणि हेड गेलं तर नवा व्हीसीआर मिळायचा नाही. शेवटचा बनवणाऱ्या जपानच्या फुनाईने २०१६ मध्येच काम थांबवलं.

व्हीसीडी संगणकात घातली की ‘एमपेग-एव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो, त्यात ‘.डॅट’ फाइल. तोच सिनेमा. व्हीएलसी तो तसाच चालवतो. पण कॉपी मध्येच अडकते, आणि त्याला कारण आहे. साध्या डेटाच्या सीडीत चूक दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती भरलेली असते. व्हीसीडीत ती जागाही चित्राला दिली आहे. ओरखडा आला की टीव्हीवर चौकोन उमटतात, संगणक मात्र हटून बसतो. अशा वेळी आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर खराब तुकडा सोडून पुढे जातं. दोन घरी एकच व्हीसीडी असेल तर दोन्ही ठेवा. दोघींचे ओरखडे एकाच जागी नसतात.

अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेल्या डीव्हीडीचा मान मोठा, पण ती प्रदेश-संकेत (रीजन कोड) १ ची, आपला प्लेअर ५ चा. ती चालेलच असं नाही. ब्लू-रेतही तिकडे ए, इकडे सी. फोर-के डिस्कला हे कुंपण नाही. हौस असेल तर जरूर घ्या. सत्यजित राय यांच्या चित्रपटांची काळजी घ्यायला जग समर्थ आहे. त्यांची ‘सद्गती’ इथल्या महासमुंद भागात चित्रित झाली, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे त्यात होते, तीही कुणीतरी जपेल. तात्यापाऱ्यातल्या कपाटातली नाटकाची व्हीसीडी मात्र तुमच्याशिवाय कुणी जपणार नाही.

दिवाळीच्या साफसफाईत या सीड्या सर्वांत आधी कबाड्याकडे जातात. त्याआधी महाराष्ट्र मंडळाने त्या जमा करायला दारात एक खोकं ठेवावं. रवि भवनाच्या मोबाइल-संगणक बाजारात हिंडलं तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह मिळून जाईल. कॉपी करायला आधी नाटकं आणि छत्तीसगढी घ्यावं, मग बाकीचं. हिंदी सुपरहिट सिनेमे शेवटी, किंवा नाही घेतले तरी चालेल.